लाइन आली, बॉक्स चालू, तरी एजंट ऑफलाइन: दर वादळानंतर होणारा बिघाड आणि त्याचा कायमचा इलाज

गेल्या पावसाळ्यात कळमन्याच्या एका कोल्ड स्टोरेजचा बॉक्स, म्हणजे तिथलं तापमान मोजून कळवणारा छोटा संगणक, दर आठवड्याला मला एकाच प्रकारे छळायचा. रात्री वादळात लाइन जायची, तासाभरानं यायची, आणि सकाळी डॅशबोर्ड उघडला की त्यांचा बॉक्स लाल, म्हणजे ऑफलाइन. ऑपरेटरला फोन लावला की तो म्हणायचा, "भाऊ, डबा तं चालूच हाये. हिरवा लाइट बी लुकलुकते. बंद करून चालू करू का?" मी म्हणायचो, करा. तो करायचा, दोन-तीन मिनिटांत बॉक्स हिरवा व्हायचा. पुढच्या वादळाला पुन्हा तेच.

"बंद करून चालू केलं की चालतं" या एका वाक्यानं आमचे चार महिने खाल्ले. या वाक्यातच बिघाडाचं उत्तर होतं, ते आम्हाला फार उशिरा कळलं. नागपूर, कामठी, काटोल, सावनेर अशा पट्ट्यात ज्यांची लिनक्सची छोटी उपकरणं विखुरलेली आहेत आणि ती एजंटच्या (उपकरणावर सतत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) भरवशावर लांबून सांभाळावी लागतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आमची मांडणी अशी. प्रत्येक ठिकाणी एक रास्पबेरी पाय ४, त्यावर डेबियन १२ ची प्रणाली, तापमानाचे सेन्सर आणि शेजारी सिमकार्डवर चालणारा ४जी राउटर. बॉक्सवर एक हलका एजंट. तो ठरावीक अंतरानं सर्व्हरला "मी जिवंत आहे" असं कळवतो, लॉग पाठवतो आणि सर्व्हरनं दिलेली कामं पार पाडतो. सगळी जोडणी आतून बाहेर जाते, कारण दुसरा मार्गच नाही. मोबाइलच्या सिमवर राउटरला बहुतेक वेळा १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होणारा पत्ता मिळतो. हा पट्टा २०१२ मध्ये खास कंपन्यांच्या सामाईक नॅटसाठी (अनेक ग्राहकांना एकच जाहीर पत्ता वाटून देण्याच्या सोयीसाठी) राखून ठेवला गेला. त्या पत्त्यावर बाहेरून एसएसएच (लांबून लॉगिन) करता येत नाही. म्हणजे एजंट गप्प झाला की आपल्या हातात फक्त ऑपरेटरचा फोन नंबर उरतो.

आधी लॉग टिकवा

पहिली चूक आमची अशी की पुरावा आम्ही स्वतःच पुसत होतो. व्हार-लॉगच्या आत जर्नल नावाचं फोल्डर नसेल, तर सिस्टिमडी (लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणारा कारभारी) मूळ सेटिंगनुसार सगळे लॉग मेमरीत ठेवतो. ऑपरेटरनं स्विच बंद केला की लॉग गेले. आम्ही प्रत्येक वेळी बंद-चालू करायला सांगत होतो आणि मग निवांत बसून नव्या, धडधाकट बूटचे लॉग वाचत होतो. त्यात काय सापडणार?

कॉन्फिगमध्ये जर्नलचं (लॉगच्या वहीचं) स्टोरेज पर्सिस्टंट, म्हणजे बंद-चालूनंतरही टिकणारं केलं आणि फार जागा खाऊ नये म्हणून मर्यादा घातली. पुढच्या वादळानंतर ऑपरेटरकडून बंद-चालू करून घेतलं, बॉक्स हिरवा झाल्यावर एजंटमार्फत आत शिरलो आणि जर्नलसीटीएल या लॉग वाचायच्या आज्ञेला उणे एक देऊन मागच्या बूटमधल्या फक्त एजंटच्या नोंदी मागितल्या. जेमतेम वीस ओळी होत्या. सर्व्हरचं नाव सापडत नाही, एजंट बंद. पुन्हा सुरू, नाव सापडत नाही, बंद. असं पाच वेळा, आणि तेही एका सेकंदाच्या आत-बाहेर. सहाव्या जागी सिस्टिमडीची स्वतःची ओळ होती: "स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली". त्यानंतर एजंटची एकही नोंद नाही. रात्री अडीचपासून सकाळी साडेनऊपर्यंत सात तास बॉक्स चालू, तापमान मोजणं चालू, आणि एजंट मरून पडलेला.

नेमकं काय होत होतं

लाइन आली की बॉक्स आणि राउटर एकाच वेळी सुरू होतात. माझ्या टेबलावर मी दोघांना एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून घड्याळ धरलं. बॉक्स अर्ध्या मिनिटाच्या आसपास तयार होतो. राउटरला सिम ओळखून, टॉवर पकडून इंटरनेट द्यायला दोन मिनिटं लागतात, आणि वादळी रात्री टॉवरच डळमळीत असेल तर त्याहून जास्त. या मधल्या वेळात एजंट उठतो, सर्व्हर सापडत नाही म्हणून बंद पडतो, सिस्टिमडी त्याला पुन्हा उठवतो.

एजंटच्या युनिट फाइलमध्ये (सेवा कशी चालवायची ते सिस्टिमडीला सांगणाऱ्या फाइलमध्ये) रीस्टार्ट ऑलवेज लिहिलेलं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण ऑलवेज म्हणजे कायम नव्हे. सिस्टिमडीचा मूळ नियम असा आहे की १० सेकंदांत ५ वेळा सुरू करूनही सेवा टिकली नाही तर पुढे प्रयत्नच करायचा नाही. आणि दोन प्रयत्नांमधलं मूळ अंतर फक्त १०० मिलिसेकंद. त्यामुळे इंटरनेट नसताना एजंट आपले पाचही प्रयत्न पापणी लवते न लवते तोच संपवून टाकतो. राउटर दोन मिनिटांनी जागा होतो तेव्हा त्याच्याकडे जाणारं कुणी उरलेलं नसतं.

आता ऑपरेटरचं बंद-चालू करणं पाहा. तो फक्त बॉक्सचा स्विच दाबतो. राउटर तोवर कधीचाच जागा असतो. बॉक्स उठतो तेव्हा इंटरनेट तयार, एजंट पहिल्याच प्रयत्नात जोडला जातो. म्हणून दर वेळी "चालतं". आम्ही एजंटची आवृत्ती बदलली, सिम बदललं, एका ठिकाणी तर बॉक्सच बदलला. प्रत्येक बदलानंतर बॉक्स चालायचा, कारण प्रत्येक बदलानंतर आम्ही तो जाग्या राउटरवर चालू करत होतो.

इलाज

सिस्टिमसीटीएल एडिट ही आज्ञा वापरून एजंटच्या सेवेला एक छोटी पुरवणी फाइल जोडा. मूळ युनिट फाइलला हात लावू नका, एजंटचं पुढचं अपडेट ती पुसून टाकेल. पुरवणीत दोनच गोष्टी. युनिट या विभागात स्टार्ट-लिमिट-इंटरव्हल-सेक शून्य, म्हणजे प्रयत्नांवरची मर्यादा रद्द. सर्व्हिस या विभागात रीस्टार्ट ऑलवेज आणि रीस्टार्ट-सेक ३०, म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला एक प्रयत्न, कितीही वेळ लागो.

पहिली ओळ युनिट विभागातच हवी. मी ती घाईत सर्व्हिस विभागात टाकली होती. सिस्टिमडीनं लॉगमध्ये एक बारीकशी सूचना लिहून ती ओळ सोडून दिली आणि मी दोन आठवडे समजत होतो की इलाज लागू पडला नाही. म्हणून बदल केल्यावर सिस्टिमसीटीएल शोनं प्रत्यक्ष लागू असलेली किंमत वाचून बघा. तिथं शून्य दिसलं तरच काम झालं.

उपकरणं पुष्कळ असतील तर एक विचार आणखी करा. एखाद्या फीडरची लाइन आली की त्यावरचे सगळे बॉक्स एकदम उठतात आणि एकाच लयीत सर्व्हरवर धडकतात. २०२३ मध्ये आलेल्या सिस्टिमडी २५४ पासून प्रयत्नांमधलं अंतर पायरीपायरीनं वाढवायची सोय आहे. डेबियन १२ मध्ये २५२ आहे, त्यामुळे तिथं ती मिळत नाही. तिथं मी प्रत्येक बॉक्सला २० ते ६० सेकंदांमधला वेगळा आकडा देतो. साधा उपाय आहे, पण पुरतो.

"नेटवर्क-ऑनलाइन लावा" या सल्ल्याबद्दल

हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल: एजंटला नेटवर्क-ऑनलाइन टार्गेटनंतर, म्हणजे नेटवर्क तयार असल्याचं सिस्टिमडीनं मानल्यावर, सुरू करा. आम्हीही केलं. फरक शून्य. कारण आमचा बॉक्स तारेनं राउटरला जोडलेला आहे. राउटरचा घरातला भाग काही सेकंदांतच बॉक्सला आयपी पत्ता देतो. सिस्टिमडीच्या लेखी तेवढ्यानं नेटवर्क ऑनलाइन झालं. त्या राउटरच्या पलीकडे अजून टॉवरच मिळालेला नाही, हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय ही वाट पाहण्यालाही मुदत असते: नेटवर्क मॅनेजरमध्ये ६० सेकंद, सिस्टिमडी-नेटवर्कडीमध्ये १२०. मुदत संपली की गाडी पुढे निघते.

माझं मत स्पष्ट आहे. एजंटला योग्य क्षणाची वाट पाहायला लावू नका, त्याला न थकता प्रयत्न करू द्या. योग्य क्षण ठरवणारी प्रत्येक युक्ती कुठल्या ना कुठल्या जागेवर फसते.

दुसरं तोंड: मागे पडलेलं घड्याळ

वरचा इलाज सगळीकडे लावला आणि वादळानंतरचे फोन थांबले. मग काटोलकडच्या एका ठिकाणाहून नवीनच तक्रार आली. तिथं संत्र्याचा हंगाम असेल तेव्हाच खोल्या चालतात. आंबिया बहाराचा माल संपला की मेन स्विच खाली, मृग बहाराचा आला की वर. दोन महिन्यांनी स्विच वर केला, बॉक्स उठला, इंटरनेटही आलं, पण एजंट जोडला जाईना. आणि या वेळी बंद-चालू करूनही उपयोग नाही.

लॉगमध्ये सर्व्हरचं सर्टिफिकेट (त्याची ओळख पटवणारा दाखला) "अजून वैध झालेलं नाही" अशी तक्रार होती. रास्पबेरी पाय ४ वर बॅटरीचं घड्याळ नसतं. बंद होण्याआधी शेवटची जी वेळ मेमरी कार्डवर नोंदली असेल, तिथूनच तो पुन्हा मोजायला लागतो. दोन महिन्यांनी उठलेला बॉक्स स्वतःला दोन महिने मागे समजत होता. मधल्या काळात सर्व्हरचं सर्टिफिकेट नवीन झालं होतं. नव्वद दिवसांची सर्टिफिकेटं साधारण साठाव्या दिवशी बदलली जातात, त्यामुळे हे घडणारच. बॉक्सच्या दृष्टीनं ते सर्टिफिकेट भविष्यातलं होतं, म्हणून त्यानं ते नाकारलं. त्याच्या जागी तो बरोबरच होता.

एरवी एनटीपीनं (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या सोयीनं) घड्याळ आपोआप जुळायला हवं. पण त्या जागी बॉक्स मालकाच्या ऑफिसच्या नेटवर्कवर होता आणि तिथल्या फायरवॉलमधून फक्त ठरावीक वाहतूक बाहेर जायची. एनटीपीला लागणारं यूडीपीचं १२३ क्रमांकाचं पोर्ट बंद. टाइमडेटसीटीएल चालवून "सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइझ्ड" या ओळीपुढे "नो" दिसलं तर पुढचं काही तपासण्याआधी इथंच थांबा. ऑफिसवाल्यांना ते पोर्ट उघडायला सांगा, किंवा त्यांच्या राउटरमध्ये वेळ देण्याची सोय असेल तर ती वापरा.

हाताशी असावी म्हणून नंतर आम्ही वायरगार्डची (बॉक्स आणि सर्व्हरमधल्या सुरक्षित बोगद्याची) पर्यायी वाटही ठेवली होती. २०२० पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे, हलकं आहे, २५ सेकंदांचा कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा संदेश) दिला की सिमच्या नॅटमधूनही टिकतं. तीच वाट वापरू म्हटलं तर तीही बंद. याचं कारण समजायला मला एक अख्खी रात्र लागली. वायरगार्डच्या हातमिळवणीत वेळेचा शिक्का असतो. सर्व्हर प्रत्येक उपकरणाकडून आलेला सर्वांत नवा शिक्का लक्षात ठेवतो आणि त्याहून जुना शिक्का आला की उत्तरच देत नाही. यामागे जुनं पॅकेट चोरून पुन्हा पाठवणाऱ्याला रोखण्याचा हेतू आहे. पण जबरदस्तीनं बंद पडलेला बॉक्स तासभर मागचं घड्याळ घेऊन उठला, तरी सर्व्हरला तो चोरच वाटतो. ना चूक दाखवली जाते, ना लॉगमध्ये ओळ येते. आणि तुमचं एनटीपी त्याच बोगद्यातून जात असेल तर तिढा सुटतच नाही: घड्याळ जुळल्याशिवाय बोगदा नाही, बोगद्याशिवाय घड्याळ जुळत नाही. एनटीपी नेहमी बोगद्याबाहेरून जाऊ द्या.

पक्का उपाय म्हणजे डीएस३२३१ चिपचं छोटं घड्याळ मॉड्यूल आणि त्यातला नाण्यासारखा सेल. सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतं. वर्षाकाठी एखाद-दोन मिनिटांच्या आत चुकतं, आपल्याकडच्या मे महिन्यातसुद्धा. जोडताना ३.३ व्होल्टच्या पिनलाच जोडा. ५ व्होल्टला जोडलं तर मॉड्यूलवरचे रोध पायच्या पिनांवर ५ व्होल्ट नेतात आणि त्या पिना ते सोसत नाहीत. काही मॉड्यूलवर सेल चार्ज करणारा सर्किटचा भाग असतो, तो साध्या सेलसाठी घातक आहे. कमी व्होल्टेजवर तोही प्रश्न टळतो. पाय ५ मध्ये घड्याळ बोर्डवरच आहे, पण त्याला बॅटरी वेगळी लावावी लागते. न लावता बसवले तर परिस्थिती तीच.

घड्याळाच्या बाबतीत माणसाच्या हातून होणारी एक चूक आमच्याकडे तीनदा झाली. बॉक्सचा टाइमझोन यूटीसी (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतो. जागेवर गेलेला मुलगा स्क्रीनवरची वेळ पाहतो, आपल्या मनगटावरची पाहतो आणि प्रामाणिकपणे "दुरुस्त" करतो. बॉक्स साडेपाच तास पुढे जातो आणि एजंटची सही असलेली प्रत्येक विनंती सर्व्हर फेटाळतो. वेळेला हात लावायचाच नाही. टाइमझोन आशिया-कोलकाता करायचा, बाकी काम एनटीपीचं.

दोन बॉक्स, एक ओळख

हा बिघाड ऑफलाइनचा नाही, पण त्याच्यासारखाच दिसतो. डॅशबोर्डवर एखादा बॉक्स दर काही सेकंदांनी जोडला जातो, तुटतो, जोडला जातो. आमच्याकडे तापमानाच्या आलेखानं सुगावा दिला. एकाच खोलीचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा ६ आणि १७ अंशांमध्ये वर-खाली उड्या मारत होता. कुठलीही खोली अशी तापत-निवत नाही. ६ अंश म्हणजे संत्र्याची खोली, १७ म्हणजे केळी पिकवण्याची. दोन वेगळ्या गावांतले बॉक्स एकाच नावानं बोलत होते.

कारण सोपं होतं: एक कार्ड नीट तयार करून आम्ही त्याच्या प्रती काढल्या होत्या. इटीसीमधल्या मशीन-आयडी फाइलमध्ये ३२ अक्षरांची ओळख असते आणि बरेच एजंट तीच धरून चालतात. प्रत काढली की ओळखही तीच. मूळ कार्डाची प्रत काढण्याआधी ती फाइल रिकामी करा. काढून टाकू नका, रिकामी ठेवा, पहिल्या बूटला सिस्टिमडी नवीन ओळख भरतो. डी-बसच्या (प्रोग्राममधले निरोप पोचवणाऱ्या सेवेच्या) फोल्डरमध्ये त्याच नावाची दुसरी फाइल स्वतंत्र असेल तर जुनी ओळख तिथून परत येते, म्हणून ती आधी काढा. एजंट स्वतःची ओळख वेगळ्या फाइलमध्ये ठेवत असेल तर तीही पुसा. एसएसएचच्या होस्ट किल्ल्याही नव्यानं बनवा. सगळ्या बॉक्सची खासगी किल्ली एकच असणं ही धोक्याची गोष्ट आहे. एजंट शक्यतो प्रत काढल्यानंतर, पहिल्या बूटलाच बसवावा, हे मी आता नियमानं पाळतो.

एजंटकरवी एजंटचं अपडेट

ज्या फांदीवर बसलो तीच तोडल्यासारखं हे होतं. आम्ही डॅशबोर्डवरून सगळ्या बॉक्सना एपीटीची (डेबियनवर पॅकेज बसवणाऱ्या साधनाची) आज्ञा दिली: एजंटची नवी आवृत्ती घ्या. ती आज्ञा एजंटच चालवत होता. पॅकेज बसता बसता एजंटला रीस्टार्ट करतं. रीस्टार्ट करताना सिस्टिमडी त्या सेवेच्या पोटातली सगळी कामं एकत्र मारतो, आणि त्या पोटातच एपीटी चालू असतं. पॅकेज अर्धवट, एजंट बंद, आणि डीपीकेजी (एपीटीच्या मागचं साधन) "काम मध्येच तुटलं" म्हणून पुढचं काही करू देत नाही. त्या दिवशी आम्ही दोघं दोन गाड्या घेऊन हिंगण्यापासून उमरेडपर्यंत फिरलो.

अपडेटची आज्ञा सिस्टिमडी-रनमधून द्या, म्हणजे ती स्वतःच्या वेगळ्या सेवेत चालते आणि एजंट मेला तरी ती पूर्ण होते. आणि कधीही सगळ्यांना एकदम नको. आधी टेबलावरचा, मग शहरातले दोन, ज्यांच्यापर्यंत स्कूटरनं जाता येतं, मग बाकीचे.

बसवतानाच नाट लागली तर बहुधा ३२ आणि ६४ बिटचा घोळ असतो. युनेम ही आज्ञा कर्नलबद्दल सांगते, बाकीच्या प्रणालीबद्दल नाही. २०२३ पासून ३२ बिटच्या रास्पबेरी पाय ओएसवरही पाय ४ मध्ये ६४ बिटचं कर्नल सुरू होऊ लागलं. बसवणारी स्क्रिप्ट युनेमवर विश्वासून ६४ बिटचा एजंट आणते, फाइल डोळ्यांसमोर दिसत असते आणि शेल म्हणतो अशी फाइल नाही. खरं तर ती फाइल चालवायला लागणारा लोडर तिथं नसतो. डीपीकेजीला आर्किटेक्चर विचारा, तो जे सांगेल तेच पॅकेज घ्या.

बॉक्स मधूनच दगड होत असेल, म्हणजे गोठून पडत असेल, तर एजंटआधी वीज तपासा. वीजपुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की रास्पबेरी पाय कमी व्होल्टेजची नोंद करतो आणि ८० अंशांपुढे वेग कमी करतो. पत्र्याच्या शेडमध्ये बंद डब्यात मे महिन्यात हे दोन्ही होतं. मोबाइलचा चार्जर काढा, ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा लावा, डब्याला हवा लागू द्या.

कसं तपासायचं

इलाज लागला की नाही हे फक्त एका प्रकारे कळतं. बॉक्स आणि राउटर एकाच बोर्डवर लावा, दोघांची वीज एकदम तोडा, दहा मिनिटांनी एकदम द्या. मग राउटरमधून सिम काढून तेच करा आणि पंधरा मिनिटांनी सिम घाला. नंतर नेटवर्कची तार काढून घड्याळ दोन महिने मागे न्या, बंद-चालू करा आणि तार लावा. तिन्ही वेळा कुणीही हात न लावता बॉक्स हिरवा झाला पाहिजे. या तीन चाचण्यांतून गेल्याशिवाय आता एकही बॉक्स आमच्या टेबलावरून हलत नाही.

कळमन्याच्या त्या बॉक्सच्या झाकणावर मी एक कागद चिकटवला आहे, वर प्लास्टिकची टेप: "लाइन आल्यावर स्विचला हात लावू नका, पाच मिनिटं थांबा." खाली बॉक्सचा नंबर आणि माझा फोन. पुढच्या वादळानंतर सकाळी ऑपरेटरनं आपणहून फोन केला. "भाऊ, रात्री तीनदा लाइन गेली. म्या काहीच नाही केलं." डॅशबोर्ड पाहिला. तीन वेळा लाल, तीन वेळा हिरवा, प्रत्येक वेळी लाइन आल्यापासून तीन मिनिटांच्या आत.